तेरा संचालक आणि खालचा खण

आमच्या पतपेढीच्या ऑनलाइन सेवेत शिरायचं असेल तर आधी तेरा संचालकांच्या फोटोंवरून बोट घासत खाली यावं लागतं. सगळ्यात वर अध्यक्ष, त्यांच्याखाली उपाध्यक्ष, मग बाकीचे, आणि तेराही संपले की हार घातलेले दिवंगत संस्थापक. त्यांच्याही खाली सभासद क्रमांक आणि पासवर्ड टाकायच्या दोन चौकटी. ही मांडणी माझी नाही. मी केलेल्या पहिल्या पानावर फक्त त्या दोन चौकटी होत्या. अध्यक्षांनी ते पान पाहिलं, मोबाइल उलटा करून पाहिला आणि यात संस्था कुठे आहे असं विचारलं.

हे काम माझ्याकडे आलं ते एका हळदीत. मी ऐरोलीच्या एका कंपनीत प्रोग्रॅम लिहितो, आठवड्यातले तीन दिवस घरून. घर म्हणजे किन्हवलीच्या अलीकडचं आमचं गाव. हळदीला मी गेलो नव्हतो, वडील गेले होते. तिथे डीजेच्या आवाजात अध्यक्षांनी वडिलांच्या कानात सांगितलं की पतपेढी ऑनलाइन करायची आहे, आणि वडिलांनी अध्यक्षांच्या कानात सांगितलं की आपला पोरगा आहे ना. मोबदलाही दोघांनी तिथेच ठरवून टाकला. शाल आणि श्रीफळ. मला हे सगळं दुसऱ्या दिवशी चहाबरोबर कळलं.

वडिलांबद्दल थोडं सांगितलं पाहिजे, कारण पुढचं सगळं त्यांच्यावर येऊन थांबतं. वडील वाईट नाहीत. दारू नाही, पत्ते नाहीत. त्यांना फक्त निवडणूक लागते. ग्रामपंचायतीला ते दोनदा उभे राहिले आणि दोनदा पडले, आणि पडलेला माणूस पुढच्या पाच वर्षांत जितका खर्च करतो तितका निवडून आलेला करत नाही. क्रिकेटच्या सामन्यांना बक्षीस, कुणाच्या हळदीला मंडप, चौकात वाढदिवसाचा बॅनर. घरात पैसा दिसला की त्यांना वॉर्ड दिसायला लागतो. भात विकल्याचे पैसे आमच्या घरात आठवडाभर टिकले असं मला तरी आठवत नाही.

पतपेढीचं कार्यालय किन्हवलीत, खताच्या दुकानाच्या माडीवर. वर जाताना युरियाचा वास लागतो आणि तो कपड्यांबरोबर घरी येतो. तिथे सगळा कारभार एकट्या क्लार्कबाई बघायच्या. सगळे त्यांना मॅडम म्हणत. टोकावड्याहून रोज एसटी बदलून यायच्या, आणि वीस वर्षांत एकदाही उशिरा आल्या नाहीत असं स्वतःच सांगायच्या. एसटीने येणाऱ्या माणसाने असं सांगावं हे मला जरा जास्त वाटे, पण त्यांच्याशी वाद घालायची हिंमत संचालक मंडळातही कुणाची नव्हती.

पहिल्या बैठकीत मी मंडळाला डेटाबेस समजावला. एक वही सभासदांची, एक वही खात्यांची, एक वही व्यवहारांची, आणि तिन्ही वह्या एकमेकींना क्रमांकाने बांधलेल्या. इथवर माना हलल्या. मग मी म्हणालो, की एका खात्यातून पैसे निघाले आणि दुसऱ्यात जमा व्हायच्या आत लाइट गेली, तर पूर्ण व्यवहारच रद्द होतो. पैसे मधल्या मध्ये कुठेही राहू शकत नाहीत. उपाध्यक्षांनी विचारलं, की कुठेच राहू शकत नाहीत का. मागच्या कार्यकारिणीत बरेच राहिले होते म्हणे.

त्यानंतर सूचना सुरू झाल्या. पार्श्वभूमीला सनई हवी. कर्ज नामंजूर झालं तर थेट नामंजूर असं लिहू नये, माणूस मतदार असतो. एका संचालकांनी मात्र कामाची सूचना केली. संस्थेचा संदेश प्रत्येक सभासदाला गेलाच पाहिजे, कुणीही सुटता कामा नये. सभासदाचा मोबाइल नंबर नसेल तर त्याने खात्याला जो वारस लावलाय त्याच्या नंबरावर पाठवा. मला ती कल्पना आवडली. तीन ओळींत होण्यासारखं काम होतं. मी घरी जाऊन लगेच लिहून टाकलं आणि विसरलो.

मग जुन्या वह्यांमधून माहिती भरायचं काम निघालं. मॅडम वाचायच्या, मी टाइप करायचो. शिलकेचे आकडे मात्र त्या मला सांगणार नव्हत्या. ते त्या स्वतः भरणार, एका बोटाने का होईना. दुसऱ्याच्या पैशाकडे बघायचं नसतं, असं त्यांनी मला पहिल्याच दिवशी सांगितलं. बँकिंगची प्रणाली बनवणाऱ्याला हे सांगणं म्हणजे कमाल होती, पण मी मान डोलावली.

तिसऱ्या दिवशी माझ्या लक्षात आलं की निम्मे सभासद एक जूनला जन्मलेले आहेत. शाळेत घालताना मास्तरांनी लिहिली ती तारीख. वाढदिवसाच्या शुभेच्छा आपोआप जाव्यात अशी अध्यक्षांची एक सूचना होती, ती मी त्याच दिवशी गुपचूप बाजूला ठेवली. खरी अडचण मोबाइल नंबरांची झाली. एक नंबर एकाच सभासदाचा, असा नियम मी डेटाबेसला घालून दिला होता. शहाण्या माणसाने घालावा असाच नियम. पण यंत्र दर दोन नोंदींनंतर अडायला लागलं. नवऱ्याचा नंबर आधीच आलेला असायचा आणि बायकोच्या नावापुढे पुन्हा तोच. कारण पतपेढीचा छापील अर्ज आला तेव्हा मोबाइल नंबर या रकान्यात बायकांनी घरातला नंबर लिहिला होता, आणि घरातला नंबर म्हणजे नवऱ्याचा. तो फोन घेऊन नवरा शहापूरला असो, कल्याणला असो, की पारावर. मी कपाळाला हात लावला आणि नियम काढून टाकला. एका घरात एक नंबर राहिला तर माझं काय जातं, असा माझा विचार.

माझं काय जातं ते चौथ्या दिवशी कळलं. मला पिना हव्या होत्या. मॅडम खाली चहा सांगायला गेल्या होत्या, म्हणून मी त्यांच्या लोखंडी टेबलाचा सगळ्यात खालचा खण ओढला. आत पासबुकं. रबरबँड लावलेले गठ्ठे, मध्ये डांबराच्या गोळ्या, वर एक साधा बटणांचा फोन. शंभरावर पासबुकं असतील. पतपेढ्या कशा बुडतात हे मी पेपरात वाचलं होतं. खोटी खाती, कागदावरचे सभासद. मॅडम वर आल्या तेव्हा मी खण उघडा ठेवूनच उभा होतो.

त्या जराही दचकल्या नाहीत. चहा टेबलावर ठेवला आणि म्हणाल्या, "ती बायांची हायत. घरी नेत नाय त्या."

मग त्यांनी सगळं सांगितलं. बाजाराच्या दिवशी बायका भाजी घेऊन येतात, वरच्या पाड्यांवरच्या रानभाज्या, करवंदं. विकून झालं की वरच्या मजल्यावर चढतात. पन्नास, शंभर, जे असेल ते पदराच्या गाठीतून काढतात. मॅडम पासबुकात लिहितात, बोट ठेवून दाखवतात, आणि पासबुक पुन्हा खणात. घरी पासबुक दिसलं की पैसा दिसला, आणि पैसा दिसला की तो घरातला झाला. हा खण पतपेढीच्या पोटनियमांत नाही, लेखापरीक्षकाला माहीत नाही, आणि माडी चढणाऱ्या प्रत्येक बाईला माहीत आहे.

त्या दिवशी दुपारी मॅडम वही वाचत होत्या आणि एका नावाशी थांबल्या. माझ्याकडे न बघता त्यांनी ते वाचलं. नाव, गाव. मी टाइप करत गेलो. मोबाइल नंबराचे शेवटचे सहा आकडे माझ्या बोटांनी न ऐकताच मारले, कारण तो नंबर मला पाठ होता. वडिलांचा. नाव आईचं होतं. वारस म्हणून माझं.

"तुज्याच घरचं हाय," मॅडम म्हणाल्या. "टाइप कर नि इसरून जा."

विसरणं कसं जमणार? माझी बहीण कल्याणला नर्सिंग शिकते. पहिल्या वर्षाची फी शिष्यवृत्तीतून भरली गेली असं आमच्या घरात सगळे मानत होते. वडील पारावर तसं सांगत, मीही कंपनीत तसंच सांगितलं होतं, जरा अभिमानानेच. शिष्यवृत्तीचा कागद कधी कुणी पाहिला नव्हता, आणि आता घरात कुणाला माहीत नसलेलं आईचं खातं समोर होतं. मी पगार मिळवणारा मुलगा, आणि बहिणीची फी कोण भरतंय हे मला पतपेढीच्या वहीतून कळत होतं. लाज वाटली. दुसऱ्या वर्षाची फी जूनमध्ये भरायची होती. मी वडिलांचा नंबर पुसून टाकला आणि तो रकाना रिकामाच ठेवला. नंबर नाही तर भानगड नाही, असं मला वाटलं. आईला मी काही विचारलं नाही, तिनेही काही सांगितलं नाही.

उद्‌घाटन आठ दिवसांवर आलं तेव्हा अध्यक्षांना ती मोठी कल्पना सुचली. पाहुणे बटण दाबतील, आणि त्या क्षणी प्रत्येक सभासदाच्या मोबाइलवर संदेश वाजेल. अध्यक्षांच्या शुभेच्छा, आणि खाली त्या सभासदाची शिल्लक. याला पारदर्शकता म्हणतात, असं ते म्हणाले. हा शब्द ते त्या महिन्यात नवीनच शिकले होते.

मी मॅडमना सांगितलं. वही मिटून त्या तांब्यातलं पाणी प्यायल्या. खणातल्या प्रत्येक बाईची शिल्लक तिच्या नवऱ्याच्या खिशात वाजणार होती, त्यातले बरेचसे नवरे मांडवात बसलेले असताना. मी म्हणालो, अध्यक्षांना खरं काय ते सांगू. मॅडमनी माझ्याकडे असं बघितलं की मी कॉलेजात काय शिकलो ते त्यांना एकदाचं कळलं. मग सावकाश म्हणाल्या, "अध्यक्षीणबाईंचं पन पासबुक हाय खनात. सात संचालकांच्या घरचं हाय."

तरी मी अध्यक्षांकडे गेलो. शिल्लक नको, नुसत्या शुभेच्छा पाठवू, असं सुचवलं. सुरक्षेचं कारण दिलं, दोन-तीन अवघड शब्द वापरले. ते म्हणाले, माझ्या शुभेच्छा लोक वाचतील असं तुला वाटतं का? शिल्लक असली तर माणूस संदेश उघडेल, आणि उघडला तर वर माझं नाव वाचेल. इतकं स्पष्ट बोलणारा माणूस मी राजकारणात दुसरा पाहिला नाही.

मग मॅडमनी मार्ग काढला. खणातला तो बटणांचा फोन पतपेढीचाच होता, वीजबिलवाल्यांना नंबर द्यायला घेतलेला. खणातल्या सगळ्या बायकांच्या नावांपुढे त्याचाच नंबर टाकायचा. त्यांनी कॅलेंडरच्या पानामागे सभासद क्रमांकांची यादी करून दिली, सुबक अक्षरात, रकाने पाडून. मी एका दुपारी शंभरावर नंबर बदलले. डेटाबेसच्या नियमांप्रमाणे हे पाप आहे, आणि आयुष्यात एवढे प्रोग्रॅम लिहिले, पण मला सर्वांत जास्त समाधान त्याच दुपारी मिळालं. यादीत आईचा क्रमांक नव्हता. तिचा नंबर मी आधीच पुसलाय हे मॅडमना माहीत आहे, म्हणून नसेल, असं मी धरून चाललो.

उद्‌घाटनाच्या दिवशी पाहुणे दोन तास उशिरा आले, म्हणजे वेळेवर आले. मांडव खताच्या दुकानासमोर घातला होता, आणि संगणक ठेवायला मॅडमचं लोखंडी टेबलच खणासकट खाली आणलं होतं. माउसला लाल फीत बांधली होती आणि हळदकुंकू लावलं होतं, त्यामुळे तो पाटावर चालेना. नारळ संगणकाच्या शेजारीच फोडला. पाणी कीबोर्डवर उडालं, ते मी माझ्या शालीने पुसलं. शाल आधीच मिळाली होती. पहिल्या रांगेत वडील, कडक इस्त्रीच्या पांढऱ्या कपड्यांत, पुढच्या वर्षीच्या निवडणुकीचा चेहरा करून बसलेले.

पाहुण्यांनी बटण दाबलं. क्षणभर काहीच झालं नाही. मग मांडवभर फोन वाजायला लागले आणि टाळ्या पडल्या. वडिलांचाही वाजला. चष्मा घरी राहिला होता, म्हणून त्यांनी फोन माझ्या हातात दिला आणि काय आलंय ते वाचायला सांगितलं. त्यांचीच शिल्लक होती, त्यांच्याच खात्याची, आणि ती मोठ्याने वाचण्यासारखी नव्हती. मी शुभेच्छा तेवढ्या वाचल्या. ते खूश झाले.

अध्यक्षांचं भाषण सुरू झालं आणि मॅडमच्या टेबलातून आवाज यायला लागला. टूं टूं. थांबला. टूं टूं. मग थांबेचना. लोखंडी खणात तो बटणांचा फोन नुसता नाचत होता. शंभरावर संदेश, एकामागून एक. पारदर्शकता या शब्दापाशी अध्यक्ष थांबले आणि त्यांनी हे काय म्हणून विचारलं.

मॅडमनी पाय खणाला टेकवला होता. चेहऱ्यावरची रेषही न हलवता म्हणाल्या, "सर्व्हर हाय, शेठ. चालू झाला."

सगळ्यांनी त्या खणाकडे आदराने पाहिलं. पाहुण्यांनी मान डोलावली. एक संचालक पुढे आले आणि खणाच्या कडीला त्यांनी हळदकुंकू लावलं, वर एक फूल ठेवलं. त्यांच्या बायकोचं पासबुक त्या फुलाच्या चार बोटं खाली होतं. मला हसू दाबताना ठसका लागला, आणि ठसका आवरतोय तोच माझ्या खिशातला फोन दुसऱ्यांदा वाजला.

पहिला संदेश माझ्या खात्याचा होता. दुसरा आईच्या. नंबर नसेल तर वारसाला पाठवा, या माझ्याच तीन ओळींनी तो माझ्याकडे आणला होता. अध्यक्षांच्या शुभेच्छा, आणि खाली शिल्लक. शून्य रुपये.

वडिलांकडे गेला नाही म्हणून सुटल्यासारखं वाटलं, पण ते चार श्वासही टिकलं नाही. प्रोग्रॅम लिहिणाऱ्या माणसाला शून्य दिसलं की पहिला संशय स्वतःवर येतो. नंबर पुसताना मी आणखी काही पुसलं का? नर्सिंगचं दुसरं वर्ष माझ्या एका चुकीच्या ओळीत गेलं का? जेवणावळ सुरू झाली होती. मी मॅडमना बाजूला गाठून फोन दाखवला. त्यांनी वाचलं आणि म्हणाल्या, की आकडा त्यांनीच भरलाय आणि तो बरोबर आहे. जास्त विचारायचं असेल तर घरी विचार.

मी जेवलो नाही. घरी आलो तेव्हा आई अंगणात खाटेवर तांदळाच्या पापड्या वाळत घालत होती. पांढऱ्या ओल्या पापड्यांच्या रांगा, आणि ती वाकून एकेक घालत होती. पतपेढीतलं तुझं खातं रिकामं दाखवतंय, असं मी सांगून टाकलं. कुठलं खातं, असं तिने विचारलं नाही.

"रिकामंच हाय," ती म्हणाली. "तुजे बाबा हलदीतून आले नि बोलले, आपला पोरगा पतपेढीचा कॉम्प्युटर करनार. दुसऱ्या दिवशी जाऊन मी काढून घेतलं. पासबुक पन आनलं."

म्हणजे महिनाभर मी जे राखत होतो ते तिथे नव्हतंच. मला राग आला, आणि तो शब्दांत आलाच. मी बाबांना जाऊन सांगितलं असतं असं वाटलं का तुला, असं मी विचारलं. आवाज चढला होता.

आईने हातातली पापडी नीट गोल घातली. मग म्हणाली, "तू नसतं सांगितलं रे. तुजा कॉम्प्युटर सांगून मोकला झाला असता."

मी खिशातला फोन काढला होता, संदेश वडिलांकडे गेलेला नाही हे तिला दाखवायला. तो तसाच हातात राहिला. संदेश तिचा होता आणि फोन माझा. तिने न वापरलेल्या, न पाहिलेल्या त्या प्रणालीबद्दल आमच्या तेराच्या तेरा संचालकांना आणि मला मिळून जे कळलं नव्हतं ते तिला हळदीच्या दुसऱ्या दिवशी कळलं होतं. मी फोन खिशात ठेवला.

फीचं काय, एवढंच मी विचारलं. फी भरली होती, मागच्याच आठवड्यात. ती स्वतः कल्याणला जाऊन आली होती. त्या दिवशी ती मामाकडे गेली होती असं मला वाटत होतं. उरलेले पैसे कुठे आहेत हे मी विचारणार होतो, पण तिने वाकल्या वाकल्या माझ्याकडे असं बघितलं की मी घरात निघून गेलो.

वडील संध्याकाळी आले तेव्हा अजून खुशीत होते. पोराच्या हातून गावात केवढं काम झालं, असं त्यांनी आईला सांगितलं आणि तिने हो म्हटलं. आता पुढच्या वर्षी बॅनरवर माझाही फोटो टाकायचा, असं ते म्हणाले. आईने त्यांना पापडी तळून दिली. मला दोन दिल्या.

दुसऱ्या दिवशी मी वारसाला संदेश पाठवायच्या त्या तीन ओळी काढून टाकल्या. कुणाच्या लक्षात आलं नाही. खणाला संचालक दर अमावास्येला हळदकुंकू लावतात आणि बाजाराच्या दिवशी बायका माडी चढतात. आईचं खातं मी बंद केलेलं नाही. मॅडम म्हणाल्या, तिने ठेवायला सांगितलंय, वारसाचं नावही तेच. आणि मोबाइल नंबराच्या रकान्यात, तिच्याच सांगण्यावरून, काहीही लिहायचं नाही.